अमेरिकेत पहिली बंदूक घेताय? तुमची माहिती कुठे कुठे जाते ते आधी समजून घ्या

ग्रीन कार्ड हातात आलं, घर झालं, आणि आता कुणाला रेंजवर नेमबाजी करायचीय, कुणाला हंटिंगला जायचंय, कुणाला घरात सेफ्टीसाठी एखादं पिस्तूल हवंय, असे बरेच मराठी लोक इथे आता आहेत. आणि बहुतेकांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले: बँकेला कळतं का, आणि सरकारकडे नाव जातं का? दोन्हींची उत्तरं "हो आणि नाही" अशी आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी वकील नाही, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे, आणि नियम बदलत राहतात, तेव्हा खरेदीच्या आधी आपापल्या राज्याचं एकदा नक्की बघा.

भारतात बंदूक म्हणजे आधी परवाना. मुंबई-पुण्यासारख्या शहरात पोलीस आयुक्तांकडे, बाकी ठिकाणी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज, मग पोलीस चौकशी, मग परवानाधारकाचा युनिक नंबर राष्ट्रीय डेटाबेसमध्ये, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका. म्हणजे सरकारला सगळं माहीत असतं, त्यामुळे पैसे कसे दिले हा प्रश्न कुणी विचारतच नाही. इथे अगदी उलटं आहे. इथे बंदुकीच्या कागदांभोवती कायद्याने कुंपण घातलंय, केंद्र सरकारने त्यांची यादी करायची नाही असं स्पष्ट लिहिलंय, पण पैशाच्या नोंदींना तसं कुंपण जवळजवळ नाहीच. म्हणून लोक दुकानातल्या खरेदीच्या फॉर्मला घाबरतात आणि कार्ड बिनधास्त स्वाइप करतात ते मला तरी चुकीच्या जागी घाबरणं वाटतं.

सगळ्यात आधी: तुम्हाला घेता येते का

एच-वन-बी, एच-फोर, एफ-वन, एल-वन अशा व्हिसावर असाल तर केंद्रीय कायद्याने बंदूक विकत घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही बेकायदेशीर आहे. याला काही मोजके अपवाद आहेत, त्यातला नेहमी ऐकू येणारा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. मित्रांबरोबर रेंजवर जाऊन भाड्याची बंदूक हातात घेणं हेसुद्धा "बाळगणं"च धरलं जातं, हे फार लोकांना माहीत नसतं, आणि पुढे ग्रीन कार्डच्या वेळी हे महागात पडू शकतं. ग्रीन कार्डवाल्यांना आणि सिटिझन लोकांना घेता येते. शिवाय राज्याचं वेगळं असतंच, न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून खरेदीदाराचं ओळखपत्र आणि प्रत्येक हँडगनसाठी (पिस्तूल, रिव्हॉल्व्हर) वेगळं परमिट लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे राज्याचं बंदूकधारकाचं ओळखपत्र, न्यूयॉर्कमध्ये पिस्तुलासाठी लायसन्स. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्याला टेक्सासमधल्या मित्राचा सल्ला काहीच कामाचा नाही.

फॉर्म ४४७३: इथे नीट लक्ष द्या

लायसन्सवाल्या डीलरकडून घेताना हा केंद्र सरकारचा खरेदीचा फॉर्म भरावाच लागतो, आणि त्यावरून तुमची पार्श्वभूमी तपासली जाते. ऑनलाइन ऑर्डर केली तरी बंदूक घरी येत नाही, ती जवळच्या डीलरकडे येते, तिथे जाऊन हाच फॉर्म भरून, डीलरची ट्रान्सफर फी देऊन मग हातात मिळते.

आपल्या लोकांची पहिली अडचण नावातच होते. फॉर्मला पूर्ण कायदेशीर नाव लागतं, मधल्या नावासकट, आणि आपलं मधलं नाव म्हणजे वडिलांचं किंवा नवऱ्याचं. पासपोर्टवर ते पहिल्या नावाला चिकटलेलं, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं आद्याक्षर, ग्रीन कार्डवर तिसरंच काहीतरी. त्यात दोन भावांचं मधलं नाव आणि आडनाव एकच, आणि पाटील, जोशी, कुलकर्णी तर ढिगाने. नावात असा घोळ असला की त्या चौकशीचं उत्तर "डिलेड", म्हणजे लगेच मंजुरी नाही, थांबा, असं यायची शक्यता वाढते. सोशल सिक्युरिटी नंबरचा रकाना ऐच्छिक आहे, द्यायलाच पाहिजे असं नाही, पण नावाचा गोंधळ व्हायची शक्यता असेल तर तो दिल्याने तुम्ही तुम्हीच आहात हे लवकर कळतं. मी स्वतः इथे प्रायव्हसीपेक्षा अचूकपणाला महत्त्व देईन. ग्रीन कार्डवाल्यांना एलियन नंबर मात्र द्यावाच लागतो. पत्ता सध्या राहता तोच, पोस्ट बॉक्स चालत नाही, आणि लायसन्सवर जुना पत्ता असेल तर नव्या पत्त्याचं सरकारी कागदपत्र, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन वगैरे, बरोबर न्या.

दर वेळी "डिलेड" येत असेल तर एफबीआयकडे व्हॉलंटरी अपील फाइल नावाची सोय आहे. तुम्ही स्वतःहून माहिती आणि बोटांचे ठसे देता, ते तपासून एक नंबर देतात, तो पुढच्या वेळी फॉर्मवर लिहायचा. पण हे लक्षात घ्या की एरवी मंजूर झालेल्या चौकशीची जी माहिती पुसली जाते ती इथे तुमच्याच परवानगीने ठेवली जाते. त्रास खरंच होत असेल तरच या वाटेला जा.

या फॉर्मवर खोटं लिहिणं हा केंद्रीय गुन्हा आहे. प्रायव्हसी जपायची म्हणून एकही रकाना वाकडा भरायचा नाही, यावर माझं दुसरं मत नाही.

भरलेल्या फॉर्मचं पुढे काय होतं

काउंटरवरचा माणूस तुमची माहिती निक्स या पार्श्वभूमी तपासणाऱ्या यंत्रणेकडे पाठवतो. ही एफबीआयची, ३० नोव्हेंबर १९९८ ला सुरू झाली, काही राज्यांत मात्र राज्याचीच यंत्रणा मधे असते. निक्सला तुमचं नाव, जन्मतारीख वगैरे कळतं, बंदूक हँडगन आहे की लाँग गन (रायफल, शॉटगन) तेवढं कळतं, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर कळत नाही. "प्रोसीड", म्हणजे मंजुरी, आली की तुमची ओळख पटवणारी माहिती त्यांनी २४ तासांत पुसायची असा नियम २००४ पासून आहे. फॉर्म मात्र कागदावर किंवा डीलरच्या सिस्टिममध्ये डीलरकडेच राहतो, तो एफबीआयकडे जात नाही. आधी डीलरने तो २० वर्षं ठेवायचा होता, २०२२ च्या नियमापासून दुकान चालू असेपर्यंत ठेवायचा. दुकान बंद पडलं की सगळे फॉर्म वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गला एटीएफच्या, म्हणजे बंदुकांचे कायदे बघणाऱ्या केंद्रीय खात्याच्या, ट्रेसिंग सेंटरमध्ये जातात, तिथे ते स्कॅन करून ठेवतात पण नावाने शोधता येतील असे ठेवत नाहीत, कारण १९८६ च्या कायद्याने केंद्र सरकारला बंदूकमालकांची रजिस्ट्री करायला मनाई केलीय.

दोन गोष्टी इथे अपवाद म्हणून माहीत असू द्या. एकाच डीलरकडून सलग पाच कामाच्या दिवसांत दोन किंवा जास्त हँडगन घेतल्या तर त्याने एटीएफला आणि राज्याच्या किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं असतं. त्यात तुम्ही काही चूक केलेली नसते, फक्त रिपोर्ट जातो हे माहीत असलेलं बरं. आणि राज्याच्या याद्या. कॅलिफोर्निया स्वतःची नोंद ठेवतं, आणि जून २०२२ मध्ये त्याच राज्याच्या न्याय खात्याच्या वेबसाइटवरून कन्सील्ड कॅरी परमिटसाठी (बंदूक कपड्याआड बाळगून फिरायचा परवाना) अर्ज केलेल्या लोकांची नावं, पत्ते, जन्मतारखा उघड झाल्या होत्या. कुणी हॅक केलं नव्हतं, आकडेवारी लोकांना दिसावी म्हणून नवीन डॅशबोर्ड काढला आणि त्याच्या मागचा डेटा तसाच उघडा राहिला. ज्यांनी सगळं नियमाने केलं त्यांचेच पत्ते बाहेर गेले, याचा मला आजही राग येतो.

आता पैसे: ५७२३ हा कोड

कार्डाने पैसे देता तेव्हा बँकेकडे दुकानाचं नाव, गाव, तारीख, रक्कम आणि एक चार आकडी कोड जातो. हा कोड दुकान कुठल्या प्रकारचं आहे ते सांगतो, किराणा, पेट्रोल पंप, हॉटेल वगैरे, तुमचे कॅशबॅक पॉइंट याच कोडावर ठरतात. बंदुकीच्या दुकानांना पूर्वी स्वतंत्र कोड नव्हता, ती ५९४१ म्हणजे खेळाचं सामान किंवा ५९९९ म्हणजे किरकोळ असल्या कोडात बसायची. न्यूयॉर्कच्या अमाल्गमेटेड बँकेने मागणी लावून धरली आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या आयएसओने बंदूक आणि काडतुसांच्या दुकानांसाठी ५७२३ हा नवा कोड मंजूर केला. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस आधी हो म्हणाले, मग राज्यांतून विरोध सुरू झाल्यावर मार्च २०२३ मध्ये थांबले.

कोड मागणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाहीये. २०१६ मध्ये ऑर्लँडोच्या नाइट क्लबात ४९ लोकांना मारणाऱ्याने आधीच्या काही महिन्यांत नवीन नवीन क्रेडिट कार्डं काढून २६ हजार डॉलरच्या वर खर्च केला होता, आणि बँकेला हे वेळेत दिसलं असतं तर, असा तो मुद्दा. पण कोडाला काय दिसतं ते नीट बघा. दिसतं फक्त दुकान. समजा एखाद्याच्या स्टेटमेंटवर ५७२३ च्या दुकानातला १,५०० डॉलरचा खर्च आहे, तर ती रायफल आहे का पोरांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून आणलेली लोखंडी तिजोरी आहे हे बँकेला कळत नाही. उलट मोठ्या सुपरमार्केटमधून शॉटगन घेतली तर ती किराण्याच्याच ओळीत बसते, कारण कोड दुकानाच्या मुख्य धंद्यावरून ठरतो. म्हणजे जो काळजी घेऊन तिजोरी आणतो तो या चाळणीत अडकतो आणि दुसरा सहज निसटतो. माझा विरोध आहे तो यासाठी.

आता तुमच्या राज्यात काय चालू आहे ते बघायचं. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून कोड सक्तीचा केला, दुकानांना तो लावायची मुदत १ मे २०२५ होती. कोलोराडो आणि न्यूयॉर्कनेही २०२४ मध्ये तसेच कायदे केले. फ्लोरिडा, टेक्सास, वेस्ट व्हर्जिनिया, आयडाहो, मिसिसिपी यांनी २०२३ मध्येच उलटे कायदे केले, बंदुकीची दुकानं वेगळी ओळखू येतील असा कोड वापरायचा नाही म्हणून. कोड दुकानाला लागतो, तुम्हाला नाही, तेव्हा प्रवासात दुसऱ्या राज्यात खरेदी केली तर तिथल्या दुकानाचा कोड लागणार. आणि कोडाला बंदी असलेल्या राज्यात राहता म्हणून निर्धास्त होऊ नका कारण दुकानाचं नाव स्टेटमेंटवर छापलेलं असतंच, नावातच "गन्स" असेल तर कोड हवाय कशाला. जानेवारी २०२४ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, ज्युडिशियरी कमिटीने सांगितलं की ६ जानेवारी २०२१ ला संसद भवनावर झालेल्या हल्ल्यानंतर फिनसेन या अर्थखात्याच्या विभागाने बँकांना जी माहिती पुरवली त्यात कॅबेलाज आणि डिक्स स्पोर्टिंग गुड्स अशी साधी दुकानांची नावं शोधायचे शब्द म्हणून होती. ही दोन्ही म्हणजे लोक जिथे तंबू आणि बूट घ्यायला जातात ती दुकानं.

बँकेकडून सरकारकडे माहिती कशी जाते

१९७६ चा मिलर खटला इथे मुळाशी आहे. जॉर्जियात बेकायदा दारूभट्टीच्या प्रकरणात एका माणसाच्या बँकेच्या नोंदी मागवल्या गेल्या, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की या नोंदी बँकेच्या, तुमच्या नाहीत, तुम्ही स्वतःहून बँकेला दिल्यात, तेव्हा त्यावर राज्यघटनेच्या चौथ्या दुरुस्तीचं (सरकारच्या अवाजवी झडतीपासूनचं) संरक्षण नाही. काँग्रेसने १९७८ मध्ये फायनान्शियल प्रायव्हसीचा कायदा करून थोडी भरपाई केली: केंद्रीय खात्याने तुमच्या नोंदी मागितल्या तर साधारणपणे तुम्हाला नोटीस द्यायची, आणि हरकत घ्यायला हातात दिली असेल तर १० दिवस, पोस्टाने असेल तर १४ दिवस. असं पाकीट आलं तर जंक मेलमध्ये टाकू नका, त्याच दिवशी वकिलाला फोन करा. पण हा कायदा राज्याच्या पोलिसांना लागू नाही, आणि बँक स्वतःहून जो संशयास्पद व्यवहाराचा रिपोर्ट फिनसेनला पाठवते त्यालाही लागू नाही. तो रिपोर्ट गेला का नाही हे बँकेने तुम्हाला सांगायचंच नाही असा नियम आहे, विचारूनही उपयोग नाही.

रोखीचं काय? रोख देणं पूर्ण कायदेशीर आहे आणि रोख दिली तर कार्ड कंपनीकडे दुकानाची नोंद राहत नाही, फॉर्म ४४७३ मात्र तसाच भरावा लागतो. पण १० हजार डॉलरच्या वर रोख काढली किंवा भरली की बँक रिपोर्ट करते, आणि दुकानदाराला एवढी रोख मिळाली तर त्यालाही फॉर्म ८३०० भरावा लागतो. तो टाळायला आज नऊ हजार, परवा नऊ हजार असं तुकड्यांत काढलंत तर पैसे पगाराचे, एकदम स्वच्छ असले तरी ते तुकडे करणं हाच वेगळा गुन्हा आहे. मोठी रक्कम लागणार असेल तर सरळ एकदम काढा आणि रिपोर्ट जाऊ द्या. त्या रिपोर्टने काही बिघडत नाही.

दुसऱ्याचे पैसे, दुसऱ्याची बंदूक

हे वेगळं लिहितोय कारण आपल्यात "अरे तू घे, मी तुला झेल करतो", म्हणजे झेल ॲपने पैसे पाठवतो, असं फार सहज चालतं. २०१४ चा अब्राम्स्की खटला बघा. व्हर्जिनियातला एक माजी पोलीस, त्याला सवलतीत ग्लॉक कंपनीचं पिस्तूल मिळत होतं, काकांना हवं होतं, काकांनी ४०० डॉलरचा चेक पाठवला आणि चेकच्या मेमो रकान्यात लिहिलं "ग्लॉक १९ हँडगन". काका-पुतण्या दोघंही बंदूक घ्यायला पात्र, पुढे काकांनी रीतसर बॅकग्राउंड चेकही केला. तरी फॉर्मवर "खरा खरेदीदार मीच" असं पुतण्याने लिहिलं ते खोटं ठरलं आणि सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम ठेवली. सरकारने काय दाखवलं? तो चेक. स्वतःच्या पैशाने घेऊन खरोखर भेट देणं चालतं, पण ज्याला भेट देताय तो पात्र हवा आणि पैसे त्याचे नकोत. आणि एच-वन-बीवरच्या मित्रासाठी ग्रीन कार्डवाल्याने घेऊन देणं हे तर २०२२ च्या कायद्याने १५ वर्षांपर्यंत शिक्षेचं काम आहे. कितीही जवळचा असला तरी नाही म्हणा.

आता हाताने करायची कामं

बँक आणि कार्ड कंपनी प्रायव्हसी नोटीस पाठवते, वरती मोठ्या अक्षरात "फॅक्ट्स" लिहिलेला कागद, तो न फेकता उघडा. आत एक तक्ता असतो: डावीकडे माहिती शेअर करायची कारणं, मधल्या रकान्यात आम्ही शेअर करतो का, उजवीकडे तुम्ही ते थांबवू शकता का. उजव्या रकान्यात जिथे जिथे "येस" आहे तिथे खाली दिलेल्या नंबरवर फोन करून किंवा वेबसाइटवर जाऊन बंद करा. १९९९ च्या कायद्याने, ग्रॅम-लीच-ब्लायलीने, दिलेला हा हक्क आहे. प्रत्येक कार्डाचं वेगळं करावं लागतं, संयुक्त खातं असेल तर बायकोच्या किंवा नवऱ्याच्या बाजूनेही बघा. पोलिसांपासून लपण्याशी याचा काही संबंध नाही, तुमच्या खरेदीच्या सवयी मार्केटिंगवाल्यांकडे जाऊ नयेत एवढंच यातून होतं.

हप्त्यांवर घेऊ नका, निदान प्रायव्हसीचा विचार असेल तर नको, कारण कर्ज देणाऱ्या कंपनीला कार्टमध्ये नेमकी काय वस्तू आहे ते कळू शकतं जे साध्या कार्डाच्या व्यवहारात बँकेला कळत नाही. पेपॅलच्या नियमांत बंदूक आणि काडतुसांच्या व्यवहाराला मनाई आहे, खातं बंद होऊ शकतं, व्हेन्मो हे पैसे पाठवायचं ॲप पण त्यांचंच. रेंजची फी मित्राला व्हेन्मो केली तर चालेल पण नोट लिहिताना आणि पोस्ट पब्लिक आहे का प्रायव्हेट हे बघताना भान ठेवा, सेटिंगमध्ये जाऊन जुने व्यवहारही प्रायव्हेट करता येतात.

दुकानाचं लॉयल्टी कार्ड आणि ईमेल पावती यांच्याकडे वस्तूवार यादी असते, म्हणजे बँकेपेक्षा कितीतरी जास्त. पाच टक्के सवलतीसाठी फोन नंबर द्यायचा का हे तुम्ही ठरवा, मी देत नाही. कागदी पावती मागा.

आणि बॉक्समधलं वॉरंटी कार्ड. प्रोपब्लिका या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये छापलं की बंदूक उद्योगाच्या संघटनेने, एनएसएसएफने, अनेक वर्षं कंपन्यांच्या ग्राहकांची माहिती, ज्यात वॉरंटी कार्डावरून आलेली माहिती होती, गुपचूप गोळा करून निवडणुकीच्या प्रचारासाठी वापरली. ५७२३ कोडाला सगळ्यात मोठ्याने विरोध करणाऱ्यांत हीच संघटना आहे. तेव्हा कार्ड भरायचंच असेल तर नाव, पत्ता, सिरियल नंबर एवढंच भरा, उत्पन्न किती, छंद कोणते, घरात किती माणसं असले प्रश्न कोरे सोडा.

शेवटी स्वतःची नोंद स्वतः ठेवा. सिरियल नंबर, मॉडेल, डीलरचं नाव, तारीख, पावती, दोन-चार फोटो, हे सगळं घरातल्या तिजोरीत कागदावर ठेवा, फोनच्या क्लाउडमध्ये नको. चोरी झाली तर पोलिसांना सिरियल नंबर सांगता आला पाहिजे, तो नसेल तर ते फारसं काही करू शकत नाहीत, आणि काही राज्यांत चोरी ठरलेल्या मुदतीत कळवणं सक्तीचं आहे. पुढे कधी विकलीत तर डीलरमार्फतच विका, तुमच्या राज्यात थेट विकायला परवानगी असली तरी. कारण ती बंदूक उद्या कुठे गुन्ह्यात सापडली तर एटीएफ कंपनीपासून सुरुवात करते, कंपनीकडून होलसेलर, होलसेलरकडून डीलर, आणि डीलरच्या फॉर्मवरून पहिला खरेदीदार, म्हणजे तुम्ही. त्या दिवशी दाखवायला डीलरकडे दिल्याची तारखेसकट पावती हाताशी हवी.